आज एक घर, उद्या चार प्लॉट: पावसाच्या पाण्याची वाट आधीच कशी ठरवायची?

घरच्यांनी दहा गुंठे जागा घेतली आहे किंवा आजोबांकडून आली आहे. आत्ता त्यावर एकच घर बांधायचं, उरलेल्या जागेचं 'पुढे बघू'. पुढे म्हणजे भावंडांची वाटणी, नाहीतर दोन प्लॉट विकून घराचं कर्ज फेडणं. रोहा, अष्टमी, कोलाड, पेण या पट्ट्यात अशा जागा भरपूर आहेत. नकाशा काढताना घर कुठे, गेट कुठे, बोअरवेल कुठे हे सगळं ठरतं. पावसाचं पाणी कुठून जाणार हे मात्र पहिल्या जुलैत कळतं, आणि चौथं घर उभं राहिलं की दुसऱ्यांदा कळतं. तेव्हा पाणी मागच्या भावाच्या अंगणात आणि बोलाचाली पुढच्या भावाच्या ओट्यावर, अशी स्थिती असते.

हे टाळायचं तर पहिलं घर बांधायच्या आधीच पाण्याचा शेवट, म्हणजे ते प्लॉटबाहेर कुठे आणि किती उंचीवर पडणार, हे चार प्लॉट झाल्याचं धरून ठरवावं लागतं. आज सगळं बांधायची गरज नाही. जागा आणि उंची मात्र आजच अडवून ठेवायची.

अष्टमीचं पाणी वेगळं का वागतं?

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची गावं, नगरपरिषद मात्र एकच. वर सह्याद्री, खाली रेवदंड्याची खाडी. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत येतं (कोलाडचं राफ्टिंग त्याच जोरावर चालतं) आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा पाऊस त्यात भर घालतो. त्यामुळे तुमच्या अंगणातला पाऊस थांबला तरी नदी चढतीच असू शकते. खाली खाडीला भरती असेल तर पाणी आणखी सावकाश सरतं.

याचा प्लॉटशी संबंध असा, की तुमचं गटार शेवटी ज्या नाल्यात पडतं तो नालाच भरलेला असेल तर पाणी बाहेर जाणार नाही. उलट आत येईल. सखल भागात 'उतार भरपूर आहे' एवढं पुरेसं नसतं. नाल्याचं पाणी पावसाळ्यात कुठपर्यंत चढतं ते पाहावं लागतं, आणि ते कोणत्याही ॲपपेक्षा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला जास्त नेमकं माहीत असतं. जुलै २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, २००५ मध्ये कुठपर्यंत, हे विचारा आणि भिंतीवरच्या खुणेचा फोटो काढून ठेवा.

नदीजवळ असाल तर नगरपरिषदेत आणखी एक गोष्ट विचारायची: निळी आणि लाल पूररेषा. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा बांधकामाला निषिद्ध मानला जातो, दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटी असतात. तुमच्या दहा गुंठ्यांपैकी तीन गुंठे निळ्या रेषेत गेले तर चार प्लॉटचं स्वप्न तिथेच तीनवर येतं.

पाणी नक्की किती?

हे गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या आसपास, म्हणून दहा गुंठे साधारण १,०१२ चौरस मीटर. त्यावर १०० मिमी पाऊस पडला तर लाखभर लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर.

हवामान खातं २४ तासांत ११५.६ मिमी किंवा जास्त पावसाला 'अति जोरदार' आणि २०४.४ मिमीच्या वरच्या पावसाला 'अत्यंत जोरदार' धरतं. कोकणात हे आकडे दर पावसाळ्यात ऐकू येतात. पण लहान प्लॉटसाठी दिवसाच्या पावसापेक्षा दहा-पंधरा मिनिटांची सर महत्त्वाची, कारण प्लॉटच्या एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला काही मिनिटांतच पोचतं. म्हणून ताशी १०० मिमीच्या वेगाचा पाऊस धरून चला. तो तासभर टिकायची गरज नाही.

सूत्र असं:

पाणी (लिटर दर सेकंदाला) = वाहणारा अंश × पाऊस (मिमी दर तासाला) × क्षेत्रफळ (चौ. मी.) ÷ ३६००

'वाहणारा अंश' म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून जातं. पत्रा, स्लॅब यांच्यासाठी ०.९ धरा, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकसाठी ०.८५. मोकळी माती उन्हाळ्यात बरंच पिते, पण जुलैपर्यंत ती तुडुंब झालेली असते, म्हणून तिला ०.४५ पेक्षा कमी धरू नका.

आता आजचं चित्र: १२० चौरस मीटरचं एक छप्पर, बाकी माती. उत्तर येतं सेकंदाला साधारण १४ लिटर. उद्याचं चित्र: तशीच चार छपरं, रस्ता आणि पेव्हर मिळून ३५० चौरस मीटर, उरलेली थोडी माती. उत्तर साधारण २२ ते २३ लिटर. जागा तीच, पाऊस तोच, पाणी मात्र दीडपटीहून जास्त.

इथपर्यंत बरेच जण येतात. विसरतात ते वरून येणारं पाणी. तुमच्या वरच्या अंगाला दहा गुंठ्यांचं भातखाचर असेल आणि त्याचं पाणी आजवर तुमच्या जागेतून उतरत आलं असेल, तर त्याचे साधारण १२-१३ लिटर यात मिळवा. एकूण झाले ३५. उद्या त्या खाचरातही घरं होतील, तेव्हा आणखी.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. शहराची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमी पाऊस धरून आखलेली होती. मोकळ्या जमिनी काँक्रीटखाली गेल्या आणि ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात क्षमता ताशी ५० मिमीवर न्यायचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्याला तर ५० सुद्धा पुरली नसती. पण रोजच्या पावसात तुंबणाऱ्या गल्ल्यांमागे मूळ आखणीचाही वाटा आहे, आणि वस्ती झाल्यावर जमिनीखालची वाहिनी रुंद करणं किती जड जातं ते मुंबईकर पाहतच आहेत.

उंची मोजायला फोन चालतो का?

थोडक्यात, नाही.

फोनमधलं जीपीएस उंची सांगतं तेव्हा काही मीटरची चूक सहज असते. बॅरोमीटर असलेला फोन जरा बरा, तरी हवेचा दाब जरासा बदलला तरी फुटाभराचा किंवा त्याहून जास्त फरक पडतो. गूगल अर्थवर दिसणारी उंची डोंगर-दरी पाहायला ठीक. एका प्लॉटमधला वीतभर उतार त्यात दिसत नाही. काही आयफोन प्रोमध्ये लायडार असतो, तोही पाचेक मीटरपर्यंतच मोजतो. आणि फोनमधली लेव्हल? गटाराला लागणारा १:२०० उतार म्हणजे ०.२९ अंश. फोनचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तर गटार उलट्या बाजूला वाहील.

याला जुना उपाय आहे: गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी. वीस-तीस मीटरची नळी, आत पाणी भरलेलं, बुडबुडा एकही नाही. दोन्ही टोकांना पाणी आपोआप एकाच पातळीला येतं. दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या की चाळीस मीटरच्या प्लॉटचे दहा-बारा बिंदू दोघं जण एका सकाळी मोजतात. चूक फार तर काही मिलिमीटरची. मोठा भराव किंवा अधिकृत लेआउट करायचा असेल तर मात्र सर्व्हेअरकडून लेव्हल मशीन लावून घ्या. त्याच्या नकाशावर नाल्याच्या तळाची आणि रस्त्याच्या मधल्या रेषेची उंची मागून घ्या, नाहीतर तो फक्त तुमच्या चार हद्दी मोजून जाईल.

फोन कामाला येतो तो वेगळ्या ठिकाणी. जोराच्या सरीत छत्री घेऊन प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत उभं राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून जातं याचा व्हिडिओ घ्या. तारीख-वेळ असू दे. महाभूनकाशावर गटाचा आकार आणि शेजारचे गट पाहा. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं उघडा: आज बुजलेला ओढा दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात हिरवी रेघ होऊन दिसू शकतो. हा ओढा कुणी बुजवला हे विचारायची वेळ जागा घेण्याआधीची.

गणित शेवटाकडून करा

समजा प्लॉट २५ मीटर रुंद, ४० मीटर खोल आहे आणि पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडायचं आहे. त्या गटाराच्या तळाला शून्य म्हणू. गटार ६० सेंमी खोल आहे, म्हणजे रस्ता +६०.

तुमची नाली थेट तळाशी सोडू नका, तिथे गाळ बसतो. १५ सेंमी वर सोडा: +१५. चाळीस मीटरला १:२०० उतार म्हणजे २० सेंमी चढ, म्हणून मागच्या टोकाला नालीचा तळ +३५. त्यावर ३० सेंमी नाली आणि १० सेंमी ढाप्याची जाडी. म्हणजे मागची जमीन किमान +७५ हवी, रस्त्यापेक्षा १५ सेंमी उंच. वरच्या टोकाला पाणी कमी असतं, तिथे नाली २० सेंमी खोल ठेवली तर दहा सेंमी वाचतात.

आता नळी लावून मोजा. अष्टमीसारख्या ठिकाणी जुन्या खाचरातली जागा रस्त्यापेक्षा फूटभर खाली निघणं अगदी साधं आहे, कारण रस्ता दर डांबरीकरणात थोडा वर येतो आणि खाचर आहे तिथेच राहतं. तेव्हा भराव आला. दहा गुंठे फूटभर उचलायचे तर ठोकून बसलेला मुरूम साधारण १०९ ब्रास लागतो, गाडीत मोजाल तेव्हा त्याहून बराच जास्त. हा खर्च पहिलं घर बांधायच्या आधी करता येतो. घराचं जोतं आधी खालच्या पातळीला बांधलं आणि पाच वर्षांनी मागच्या प्लॉटवाल्याने भराव टाकला, तर तुमचं अंगण तळं होतं. म्हणून चारही जोत्यांची किमान उंची आजच एका कागदावर लिहा. पहिल्या घराचं जोतं त्या उंचीला, बाकीचा भराव पैसे होतील तसा.

रस्ता पुढेही वर येणार आहे, हे धरून एक वीत जास्त ठेवलीत तर वाया जात नाही.

नाली की पाइप?

दुकानात १६० मिमीचा पीव्हीसी पाइप सुचवला जातो. १:२०० उताराला तो भरून वाहिला तर सेकंदाला साधारण १३ लिटर नेतो. एका घराच्या आजच्या १४ लिटरलाच तो तोकडा पडतो. २०० मिमीचा पाइप साधारण २५ लिटर नेतो. चार घरांना काठावर पुरतो, वरच्या खाचराच्या पाण्याला नाही. उघडी काँक्रीट नाली, ३० सेंमी रुंद, त्यात २० सेंमी पाणी, तोच उतार: साधारण ५५ लिटर. वर दहा सेंमी अजून मोकळी.

माझं मत स्पष्ट आहे: कोकणात मुख्य ओळ उघडी नाली हवी, वर उचलता येतील असे ढापे. पहिल्या पावसात मुरूम, आंब्याची पानं, प्लास्टिक सगळं येतं. नाली निम्मी भरली तरी दिसते आणि फावड्याने साफ होते. पाइप तुंबतो तेव्हा पाऊस चालू असतो. पाइप लागतो तो गाड्यांच्या खाली आणि कंपाउंडच्या भिंतीतून जाताना. तिथे ३०० मिमीचा आरसीसी पाइप घाला आणि दोन्ही टोकांना माणसाचा हात पोचेल एवढा चेंबर ठेवा, त्याचा तळ पाइपच्या खाली वीतभर, म्हणजे गाळ तिथे बसेल.

नालीची जागा कोणती? भविष्यातला आतला रस्ता. मागच्या भिंतीच्या कडेने गेलेली नाली वाटणीनंतर चार वेगवेगळ्या लोकांच्या परसात पडते. त्यातला एक जण तिच्यावर धुण्याचा दगड बांधतो आणि वरचे तिघे भिजतात. रस्ता समाईक राहतो, म्हणून त्याच्या कडेची नालीही समाईक राहते. रस्त्याची रुंदी नगरपरिषदेच्या लेआउट मंजुरीप्रमाणे ठरेल, ती आधी विचारून घ्या आणि नाली त्या रुंदीच्या आत धरा.

आज काय बांधायचं? पहिल्या वर्षी योग्य जागी, योग्य उतारात कच्ची चर खणा. एक पावसाळा बघा. मग पक्की करा. मात्र कंपाउंडची भिंत बांधतानाच पाइप सोडायची भोकं आणि प्रत्येक भावी प्लॉटसाठी नालीत एक जोडतोंड ठेवा. नंतर भिंत फोडणं महाग पडतं.

सांडपाणी या नालीत सोडू नका, सेप्टिक टाकीचं तर अजिबात नाही. नालीत पाणी तुंबलं की ते घराच्या मोरीतून वर येतं.

नाला चढला तर: घरगुती उघाडी

खारभूमीच्या बांधाला उघाडी असते हे पेण-अलिबागकडच्या मुलांना सांगायला नको. ओहोटीला दार आपोआप उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटतं. तुमच्या नालीच्या तोंडाशी हेच काम एक झडप करते, बाजारात तिला फ्लॅप व्हॉल्व्ह म्हणतात. ती मिटलेली असताना प्लॉटमधलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न उरतो. म्हणून सखल कोपऱ्यात पाणी थांबायला जागा हवी: चार प्लॉटच्या लेआउटमधली बाग किंवा मोकळी जागा आजूबाजूपेक्षा फूटभर खोल ठेवली तर शंभर चौरस मीटरमध्ये तीस हजार लिटर मावतं. सिडनीच्या परामाटा नदीच्या खोऱ्यात नव्या बांधकामांना असं पाणी थोपवून सावकाश सोडायची सक्तीच आहे.

शोषखड्ड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. जूनमध्ये तो काम करतो. जुलैत भूजलच वर आलेलं असतं आणि खड्डा आधीच भरलेला. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, तेव्हा ते करायचंच. पण पुनर्भरण आणि निचरा ही दोन वेगळी कामं आहेत. पुनर्भरण खड्ड्यातून वर आलेलं पाणी नालीत पडेल असा मार्ग ठेवा.

कागदावर काय लिहायचं?

१८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणं खालच्याला भाग आहे. म्हणजे वरच्या खाचराचं पाणी भिंत घालून अडवता येत नाही. शेतजमिनीच्या बाबतीत असा अडथळा काढण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. पण 'नैसर्गिक' हा शब्द दोन्हीकडे कापतो. चार छपरांचं पाणी पाइपात गोळा करून शेजारच्या खाचरात एका ठिकाणी सोडणं नैसर्गिक नव्हे.

याच कायद्याच्या कलम १३ मध्ये वाटणीची गोष्ट आहे. एकत्र मालमत्ता वाटली गेली आणि एकाच्या वाट्यासाठी दुसऱ्याच्या वाट्यातून उघड दिसणारी, कायम वापरातली सोय गरजेची असेल, तर ती चालू ठेवायचा हक्क मिळू शकतो. म्हणजे वाटणीच्या दिवशी नाली प्रत्यक्ष दिसत असणं उपयोगाचं आहे. तरी कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा वाटणीपत्रात किंवा खरेदीखतात एक परिच्छेद घालणं सोपं: नालीची ओळ नकाशात रंगवून जोडलेली, रुंदी मीटर-दीड मीटर, त्यावर बांधकाम नाही, साफसफाईला सगळ्यांना जायची मुभा, खर्च सारखा. नोंदणी झाल्यावर सातबारा असेल तर 'इतर हक्क' रकान्यात नोंद मागा. सिटी सर्व्हे लागलेल्या जागेला मिळकत पत्रिका असते, तिथे त्या कार्यालयात विचारा. मसुदा वकिलाकडून करून घ्या, पण नालीची उंची आणि रुंदी तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये जमिनीचे प्लॉट पाडताना मागच्या प्लॉटचं पाणी पुढच्यातून नेणाऱ्या समाईक वाहिनीसाठी अशी हक्काची पट्टी नोंदवतात. आपल्याकडे छोट्या घरगुती वाटण्यांत हे कुणी मागत नाही, म्हणून स्वतःच करायचं.

शेती असलेली जागा असेल तर बिनशेती आणि तुकडेबंदीचे सध्याचे नियम आणि लेआउट मंजुरी आधी पाहा; त्याशिवाय पाडलेले प्लॉट कागदावर अडचणीत येऊ शकतात.

दरवर्षी मे महिन्यात

ढापे उचला, चेंबरमधला गाळ काढा, झडपेचं दार हाताने उघडून-मिटून बघा; बिजागरीत एक दगड अडकला तरी ती अर्धी उघडी राहते आणि नाल्याचं पाणी आत घेते. नालीच्या वरच्या टोकाला एक बादली पाणी ओता आणि ते खालपर्यंत न थांबता जातं का पाहा. जिथे थांबेल तिथे तळ खचलेला आहे. ती जागा ढाप्यावर रंगाने खुणावून ठेवा आणि जून लागायच्या आत भरून घ्या.